मुका बी

सातवीला आठवड्याचे वीस शब्द देते मी.
सोमवारी यादी, शुक्रवारी चाचणी,
मधले दिवस घोकंपट्टी आणि कुरकुर.
गेल्या आठवड्याची यादी मुक्या बीची:
थम, कोम, लॅम, क्रम, नम.
शेवटी बी लिहायचा, म्हणायचा नाही.
घरात असतो, पण बोलत नाही, मी म्हटलं.
माझ्या मामासारखा, एल्मेर म्हणाला,
आणि ग्वातेमालाचा सगळा बाक हसला.

वर्गात तीन नॉ होत्या.
थायलंडच्या सीमेवर, छावणीतल्या कुणा कारकुनाने
नावाआधी लावायचा मान
नावाच्याच रकान्यात भरला,
आणि इथे, कॅन्ससमधल्या या कत्तलखान्याच्या गावात,
मी 'नॉ' म्हटलं की तिघी हात वर करायच्या.
ऑक्टोबर उजाडला मला कळायला
की मी तिघींनाही नुसतं 'कुमारी, कुमारी' म्हणतेय.
तेव्हापासून पॉ वाह ही पॉ वाह.

शुक्रवारचा शेवटचा प्रश्न:
यादीतला कुठलाही शब्द घ्या, वाक्यात वापरा.
एल्मेर: मेंढीच्या कोकराने माझा कंगवा खाल्ला.
पूर्ण गुण.
पॉ वाहचं वाक्य ओळीत मावलं नाही,
पान उलटून मागे गेलं.

'माझी आई दुसऱ्या पाळीत हाडापासून मांस सोडवते.
सुरी धरून धरून तिची तीन बोटं तिची राहिली नाहीत.
बटण लावताना ती बोटांकडे बघते, आहेत का म्हणून.
दवाखान्यात आईचं मी बोलते.
शब्द मला येत होता, दातदुखीच्या मलमावर वाचलेला.
मी म्हटलं, नंब.
नर्स म्हणाली, हो, नंबर. सांग ना, कितवा?
एक ते दहामध्ये दुखणं किती?
मी आईला विचारलं.
आई म्हणाली, दुखत नाही गं, तेच तर.
नर्सने शून्य लिहिलं.
शून्यवाले त्याच रात्री परत लाईनीवर जातात.
तुम्ही सोमवारी फळ्यावर लिहिलं तेव्हा मला कळलं
की मी एक अक्षर जास्त बोलले.'

आणि खाली, बारीक अक्षरात:
'चुका नीट दुरुस्त करा, बाई.
हे पान नर्सला द्यायचं आहे.'

चार चुका होत्या.
एका क्रियापदाचा काळ, दोन स्वल्पविराम,
आणि 'सुरी'मधलं मुकं के ती विसरली होती.
ते पुढच्या महिन्याच्या यादीत आहे.

सोमवारी ती टेबलाशी आली.
नंबरमध्ये बी बोलतो, मग नममध्ये का नाही?
अक्षरं तर तीच.
मला येत नव्हतं. येत नाही, असं सांगितलं.
रात्री जाडा शब्दकोश काढला.
त्या शब्दात बी मुळात नव्हताच.
शेजारचे शब्द बघून
कुणीतरी मागाहून चिकटवला,
आणि मग तो तसाच छापत गेले.
कारकून सगळीकडे असतात.

बुधवारी दुपारी तिच्या आईची वेळ आहे, पाळीच्या आधी.
माझ्या तासाला ती नसेल.
आज मधल्या सुट्टीत लॉकरपाशी उभी होती,
वाऱ्याबरोबर गुरांच्या वाड्यांचा वास
दार उघडेल तसा आत येत होता,
आणि ती स्वतःशीच म्हणत होती, नम. नम.
म वर ओठ मिटायचे
आणि मिटलेलेच ठेवायचे.
जड जात होतं तिला,
एवढी सवय असून.